राजमाचीकडून की रतनगडाकडून? ठाणेकर कुटुंबासाठी सह्याद्रीतली लांब वाट

लोणावळ्यापासून रतनगडापर्यंत सह्याद्रीचा घाटमाथा जवळपास सलग चालता येतो. राजमाची, भीमाशंकर, नाणेघाट, माळशेज, हरिश्चंद्रगड, रतनगड. या वाटेला ना सरकारी पाट्या, ना ठरलेले मुक्काम. जुन्या घाटवाटा, ढोरवाटा आणि दोन वाड्यांमधल्या पायवाटा जोडत जायचं. शाळा, नोकऱ्या आणि आजी-आजोबा सांभाळून हे सगळं एका दमात करणारं कुटुंब माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून टप्पे पाडायचे. या शनिवार-रविवारी जिथे थांबलो, तिथून पुढच्या जोडसुट्टीत सुरुवात.

मग पहिला प्रश्न येतो तो सुरुवात कुठून करायची याचा. ठाण्यातून दोन्ही टोकांना जाता येतं. कल्याणला रूळ फुटतात, एक फाटा कर्जतला, म्हणजे दक्षिणेला राजमाचीच्या बाजूला, आणि एक कसाऱ्याला, म्हणजे उत्तरेला रतनगडाच्या बाजूला. ठाण्याहून कर्जत ६६ किलोमीटर, कसारा ८७. नवी मुंबईकरांना लोकलसाठी आधी ठाणे गाठावं लागतं. घरची गाडी असेल तर मात्र पनवेलवरून द्रुतगती मार्गाने लोणावळा त्यांनाच जवळ.

बहुतेक जण शिखरांची नावं बघून ठरवतात. टप्प्याटप्प्याने चालणाऱ्यांनी दोन वेगळ्याच गोष्टी बघाव्यात: टप्पा संपल्यावर घरी कसं यायचं, आणि पुढच्या वेळी त्याच जागी परत कसं पोचायचं. या दोन बाबतींत दक्षिणेची आणि उत्तरेची बाजू अगदी उलट आहेत.

दक्षिणेचा पहिला टप्पा म्हणजे लोणावळा ते राजमाची. पुण्याकडे जाणाऱ्या आणि ठाण्याला थांबणाऱ्या गाडीने लोणावळा, तिथून तुंगार्लीवरून साधारण पंधरा किलोमीटर चाल. बहुतेक कच्चा रस्ताच आहे, चढ-उतार किरकोळ, वाट चुकायची भीती नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल आरामात चालतं, फक्त कंटाळतं. कड्यांचा दरारा नाही, त्यामुळे "अजून किती?" हा प्रश्न लवकर सुरू होतो. राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीत घरगुती जेवण आणि पडवीत झोपायची सोय होते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले सकाळच्या उन्हात उरकता येतात आणि उदयसागर तलावाकाठचं महादेवाचं देऊळ आजी-आजोबांना पुरतं. दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरलं की रिक्षाने कर्जत स्टेशन, आणि संध्याकाळी लोकलने घर. उतार खडा आहे, मोठ्यांचे गुडघे बोलतात. मुलं मात्र इथे खूश असतात.

घरी येणं सोपं, पण पुढच्या वेळी राजमाचीवर परत कसं पोचणार? एक तर लोणावळ्याहून पुन्हा तेच पंधरा किलोमीटर, नाही तर कोंढाण्याकडून तीन-चार तासांचा घाम काढणारा चढ, किंवा कोरड्या दिवसांत लोणावळ्याहून जीप. दक्षिणेच्या वाटेवर ही जादा चालीची पट्टी प्रत्येक टप्प्याला भरावी लागते, कारण माथ्यावरून निघालेल्या वाटा कोकणात उतरतात आणि आपण कोकणात राहतो. कुसूर गावातून भिवपुरीकडे कुसूर घाट उतरतो. उतरताना १९२२ सालच्या टाटांच्या वीजगृहाच्या परिसरात येतो आणि तिथून भिवपुरी रोड स्टेशन फार लांब नाही. टप्पा तोडायला ही जागा उत्तम. पण पुढच्या वेळी तोच घाट चढून मग खरी चाल सुरू करायची, म्हणजे अर्धा दिवस तिथेच गेला.

राजमाचीच्या पुढचा, कोंडेश्वर, कुसूर, सावळे, वांद्रे असा भीमाशंकरपर्यंतचा मधला पट्टा मला कुटुंबासाठी फारसा आवडत नाही. पठार मोठं आणि उघडं, सावली विरळ. पवनचक्क्यांसाठी काढलेल्या रस्त्यांवरून बराच वेळ चालावं लागतं. फेब्रुवारीनंतर पाणी गावातूनच भरून घ्यावं लागतं. वाटेत ढाकच्या बहिरीचा मोह होईल. ती गुहा कातळावरून दोराच्या आधाराने चढायची आहे, मुलांना तिथे नेऊ नका, लांबून हात जोडा. हा पट्टा ज्यांना 'सगळी वाट पुरी केली' म्हणायचंच आहे त्यांच्यासाठी.

आता उत्तर. कसाऱ्याला लोकलने उतरून पुढे घोटी-भंडारदऱ्यामार्गे रतनवाडी. शेअर जीप मिळतात, पण चार-पाच सॅक आणि दोन मुलं घेऊन जीप आधी ठरवलेलीच बरी. स्वतःची गाडी असेल तर ठाण्याहून चार तास धरा. हे झालं अडचणीचं. फायदा असा की या बाजूला रतनवाडी, कुमशेत, पाचनई या तिन्ही गावांपर्यंत डांबरी रस्ता आहे. जिथे टप्पा सोडला तिथे पुढच्या वेळी गाडीने थेट उतरता येतं, चालून पोचायची पट्टी नाही. शिवाय गावातून सुरुवात आणि गावात शेवट, त्यामुळे सॅक हलकी राहते. पिठलं-भाकरी, ठेचा आणि झोपायला जागा, एवढं आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलं की पुरतं. चूल आणि तंबू उचलून नेण्याची हौस असेल तर वेगळी गोष्ट.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ. तिथूनच वाट जंगलात शिरते आणि वर जाऊन फुटते: एक रतनगडाच्या शिड्यांकडे, एक कात्राबाईच्या खिंडीकडे. रतनगड हा १२९७ मीटरचा. शिड्या लोखंडी आहेत, मुलाच्या पुढे एक मोठा आणि मागे एक मोठा असा क्रम ठेवला की भीती जाते. माथ्यावरचं नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक, मुलांना कळसूबाईच्या १६४६ मीटरपेक्षा जास्त लक्षात राहतं असा माझा अनुभव आहे. उंचीचा आकडा त्यांना सांगावा लागतो, नेढ्यातला वारा सांगावा लागत नाही.

पहिला टप्पा रतनवाडी ते रतनगड आणि परत, एवढाच ठेवावा. दुसरा, रतनवाडी ते कुमशेत कात्राबाईच्या खिंडीतून. दिवसभराची चाल, दाट रान, फाटे भरपूर. इथे गावातला वाटाड्या घ्याच. पैसे वाचवायची ही जागा नव्हे, आणि वाटेतल्या झाडांची, कारवीची, देवकार्याची माहिती तोच देतो. तिसरा टप्पा कुमशेत ते पाचनई. मुळेच्या खोऱ्यातून जाणारा, सोपा, पाहुण्यांना बरोबर न्यायला चांगला. चौथा पाचनईहून हरिश्चंद्रगड. दोन-तीन तासांत माथा, अवघड जागी रेलिंग. केदारेश्वराच्या गुहेतलं पाण्यातलं शिवलिंग आणि संध्याकाळचा कोकणकडा. शनिवारी माथ्यावर जत्रा असते, जमलं तर गुरुवार-शुक्रवार गाठा. आणि कोकणकड्याच्या काठावर लहान मुलाचा हात सोडू नका, तिथे कठडा नाही.

गडावरून खिरेश्वरला तोलार खिंडीतून उतरलं की खुबी फाटा, म्हणजे कल्याण-नगर रस्ता. माळशेज घाटातून एसटी थेट कल्याणला आणते. उत्तरेच्या सगळ्या वाटेत गाडीशिवाय सुटका करणारी ही एकच जागा, म्हणून शेवटचा टप्पा असा उतरावा. गाड्या दोन असतील तर आणखी एक सोय आहे. दोन कुटुंबांनी दोन टोकांनी चालायला लागायचं, मध्ये भेटून गाड्यांच्या चाव्यांची अदलाबदल करायची, आणि उतरल्यावर समोरच्याची गाडी घेऊन परतायचं. खर्च आणि फेऱ्या दोन्ही वाचतात, फक्त समोरच्याला क्लच वापरता येतो का ते आधी विचारून घ्या.

दोन्ही बाजू अभयारण्यांतून जातात. भीमाशंकरचं १९८५ चं, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचं १९८६ चं. नाक्यावर पावती फाडावी लागते आणि तंबूबद्दल गावात विचारूनच ठरवावं. भीमाशंकरच्या रानात शेकरू दिसण्याची शक्यता आहे, एवढा एक गुण दक्षिणेला जास्त. पावसाळ्यात दोन्हींना नको म्हणा: कर्जतच्या ओढ्यांवर पाणी अचानक चढतं, कात्राबाईच्या वाटेवर जळवा, निसरडं आणि धुकं. ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत दोन्ही बाजू छान.

निवड अशी करा. गाडी नाही, सगळा भरवसा लोकलवर, घरात सहा-सात वर्षांचं मूल: दक्षिण, पण फक्त राजमाची, आणि कुसूर-भीमाशंकरची घाई नको. गाडी आहे किंवा जीप परवडते, मुलं आठच्या पुढची आणि शिड्यांना घाबरत नाहीत: उत्तर. माझं मत उत्तरेकडे झुकतं. राजमाची-भीमाशंकर जोडण्यात समाधान आहे, पण रतनगड-हरिश्चंद्रगड जोडण्यात मुलांना पुढचा टप्पा हवासा वाटतो, आणि टप्प्यांत चालणाऱ्या कुटुंबाचं सगळं गाडं मुलांच्या "पुन्हा कधी जायचं?" वरच चालतं. वय सत्तरीच्या पुढचं कोणी बरोबर असेल तर त्यांना रतनवाडीत किंवा पाचनईत मुक्कामाला ठेवता येतं. ते गावातल्यांशी गप्पा मारत दिवस काढतात आणि संध्याकाळी आपल्याला चहा तयार मिळतो.

दक्षिण निवडलीत आणि पुढे कधी भीमाशंकर जोडायचंच ठरलं, तर शेवटचा टप्पा खांडसकडून करा, मधल्या पठारावरून नव्हे. खांडसहून वर जायला दोन वाटा आहेत. शिडी घाट जवळचा पण मुलांना नको. गणेश घाट लांबचा, पाच-सहा तास घेणारा. पहाटेची पहिली कर्जत लोकल पकडा, कशेळ्यावरून खांडसला नाश्त्याच्या वेळेत पोचा आणि ऊन चढायच्या आत गणेश घाटाच्या रानात शिरा.