पेचाकुचा, इग्नाइट की मोकळी पाच मिनिटं?

तिन्ही स्लाइड दाखवत थोडक्यात बोलण्याचे, म्हणजे छोट्या सादरीकरणाचे प्रकार. पेचाकुचा म्हणजे 20 स्लाइड, प्रत्येकी 20 सेकंद, एकूण 6 मिनिटं 40 सेकंद. ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुविशारद जोडीने 2003 मध्ये टोकियोत हा प्रकार सुरू केला. इग्नाइट 2006 चं, सिएटलचं: स्लाइड तेवढ्याच, पण 15 सेकंदांच्या, म्हणजे बरोबर 5 मिनिटं. दोन्हीत स्लाइड आपोआप सरकतात. मोकळी पाच मिनिटं म्हणजे लायटनिंग टॉक: त्यात फक्त वेळ ठरलेली (बहुधा 5 मिनिटं), रिमोट तुमच्या हातात.

5 सेकंदांचा फरक किरकोळ वाटतो, पण तो नाही. मिनिटाला 120 शब्द धरले तर 20 सेकंदांत 40 शब्द मावतात, 15 मध्ये 30. चाळीसात आधीचा आराखडा, नंतरचा आणि बदलाचं कारण सांगून होतं. तिसात एकच विधान. म्हणून पूर्ण झालेलं काम रेखाटनांसकट उलगडायचं तर पेचाकुचा, एकच मत ठासून मांडायचं तर इग्नाइट. चालता प्रोटोटाइप दाखवायचा असेल तर दोन्ही सोडा आणि मोकळी पाच मिनिटं घ्या. मात्र तिथे ओळख-प्रस्तावनेतच दोन मिनिटं उडतात, तेव्हा पहिल्याच वाक्यात काम दाखवा.

आपोआप सरकणाऱ्या स्लाइडमध्ये घोळ होतो तो मागे पडल्यावर. राहिलेलं वाक्य पुढच्या स्लाइडवर ओढलं की चित्र एक, बोलणं दुसरं, आणि ते शेवटपर्यंत तसंच चालतं. राहिलं ते सोडून द्यायचं. मजकूर मुळातच 20 ला 16-17 सेकंदांचा, 15 ला 12 चा लिहावा. एखाद्या चित्राला जास्त वेळ हवा असेल तर तीच स्लाइड लागोपाठ दोनदा ठेवा, नियमात बसतं.

पॉवरपॉइंटमध्ये ट्रान्झिशन्समध्ये 'आफ्टर'ला 00:20 द्या, 'ऑन माउस क्लिक'ची खूण काढा, मग 'अप्लाय टू ऑल'. स्लाइडवरचं ॲनिमेशन काढून टाका, कारण ते संपेपर्यंत पुढची स्लाइड येत नाही. गूगल स्लाइड्सच्या ऑटो-प्लेच्या यादीत 15 सेकंद आहेत, 20 नाहीत. पेचाकुचाला ते गैरसोयीचं. आयोजकांना पीडीएफ पाठवू नका, त्यात स्लाइडच्या वेळा उरत नाहीत.

आयोजकांसाठी हिशोब: 40 मिनिटांत पेचाकुचाचे 6 वक्ते बसतात, इग्नाइटचे 8, तेही सगळ्यांच्या स्लाइड आधीच एका लॅपटॉपवर एकत्र केल्या असतील तरच. दर वक्त्याला केबल बदलत बसलात तर दोन जण कमी करा.