बेकारी भत्त्याचं पोर्टल: ५ पैकी ३ तारे

फेब्रुवारीत लेऑफ झाला. इथे अमेरिकेत हा भत्ता प्रत्येक राज्य आपापलं देतं. ग्रीन कार्ड होतं म्हणून अर्ज तरी करता आला. एच-१बीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर, असतो तर ६० दिवसांत नवा स्पॉन्सर (व्हिसासाठी अर्ज करणारी कंपनी) शोधण्यातच जीव गेला असता.

अर्ज अर्ध्या तासात उरकला. रक्कम ठरते ती आधीच्या कमाईवर: साधारणपणे मागच्या पाच पूर्ण तिमाहींपैकी पहिल्या चार.

खरी कसोटी दर रविवारी. आठवड्याचे पैसे मिळायला पोर्टलवर उत्तरं द्यायची. तेच प्रश्न: काम करायला सक्षम होतात का? काम नाकारलंत का? कुठे अर्ज केलेत? एकदा पोहे परतता परतता मोबाइलवर पहिल्याच प्रश्नाला 'नाही' दाबलं गेलं. झालं, पैसे अडकले! तीन सकाळी फोन लावून बसलो. दीड तास तीच पिपाणी, मग 'आज रांग भरली' म्हणून कट. चौथ्या दिवशी आठच्या ठोक्याला लावला तेव्हा एक बाई मिळाल्या. फार सज्जन, पाच मिनिटांत दुरुस्ती. वर म्हणाल्या, असं रोज कुणाचं तरी होतं. अहो, मग ती दोन बटणं इतकी चिकटून कशाला?

अर्जांची वही ठेवा, तारखेसकट, तपासणीत मागतात. भत्त्यावर फेडरल, म्हणजे केंद्राचा, कर लागतो, तेव्हा १० टक्के आधीच कापून घ्यायचा पर्याय निवडा. मी आधी कंजूषपणा केला होता, बायकोने बदलायला लावला.

एक तारा त्या बाईंचा, दोन वेळेवर येणाऱ्या पैशांचे.