ब्युनोस आयर्स: व्हॅनमधून पाच वस्त्या, पायी एकच

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. अर्ध्या दिवसात सगळं शहर दाखवणारी व्हॅन टूर, दोन स्टार, तेही ड्रायव्हर सभ्य होता म्हणून. सान तेल्मो या जुन्या वस्तीची पायी टूर, साडेचार स्टार, अर्धा आईच्या गुडघ्यांनी कापला.

नोव्हेंबरमध्ये मी आणि आई गेलो होतो. तिकडे तेव्हा वसंत असतो आणि जॅकरांडाची झाडं अशी जांभळी होतात की रस्त्यावर सडा पडलेला असतो. पहिल्याच दिवशी हॉटेलवाल्याच्या सांगण्यावरून व्हॅन बुक केली (कंपनीचं नाव नाही लिहीत, सगळ्यांचं पॅकेज तेच असतं). प्लासा दे मायो, ला बोका, पालेर्मो, रेकोलेता, पुएर्तो मादेरो. गाईड आधी स्पॅनिशमध्ये बोलणार, मग ब्राझीलच्या लोकांसाठी पोर्तुगीजमध्ये, आणि उरलंसुरलं इंग्लिश आमच्या वाट्याला येईपर्यंत ती बिल्डिंग मागे गेलेली. कामिनीतोला (ला बोकातली रंगीत गल्ली) वीस मिनिटं दिली, त्यातली दहा मेन्यूकार्ड घेऊन मागे लागणाऱ्यांना नाही म्हणण्यात गेली. नंतर मात्र चामड्याच्या जॅकेटच्या दुकानात पाऊण तास! आई शांतपणे बाहेरच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आग्र्याला पण असंच नेलं होतं गं."

पायी टूर रविवारची होती. ठरलेली फी नसते, शेवटी तुम्हाला वाटेल ते द्यायचं, त्याला तिकडे 'आ ला गोर्रा' म्हणजे टोपीत म्हणतात. गाईड तरुण मुलगी, इतिहासाची विद्यार्थिनी, आणि तिने पहिल्या दहा मिनिटांत जे सांगितलं त्याने आदल्या दिवशीची सगळी व्हॅन मला उलगडली. झालं काय, की पूर्वी श्रीमंत लोक इथे दक्षिणेला, सान तेल्मोतच राहायचे. 1871 मध्ये पिवळ्या तापाची साथ आली, हजारोंनी माणसं मेली, आणि ज्यांच्याकडे पैसा होता ते उत्तरेला पळाले. रेकोलेताकडचे ते पॅरिसछाप वाडे त्यानंतरचे. मागे जी मोठी घरं रिकामी राहिली त्यांच्या मालकांनी एकेक खोली भाड्याने द्यायला सुरुवात केली, बोटीतून उतरणारी इटालियन आणि स्पॅनिश कुटुंबं त्यात भरली, एका खोलीत सहा-सहा जणं. अशा घराला म्हणतात कोन्व्हेंतिशो. व्हॅनवाल्याने एकाच शहराच्या या दोन बाजू दोन वेगळी पोस्टकार्डं असल्यासारख्या दाखवल्या होत्या.

देफेन्सा रस्त्यावर असंच एक घर आहे, एसेइसा कुटुंबाचं, आता आत जुन्या वस्तूंची दुकानं. आत शिरलो तर मध्ये अंगण, चारी बाजूंनी खोल्या, वरच्या मजल्यावर लोखंडी कठडा. आई जन्मली, वाढली गिरगावात. ती मान वर करून बघत राहिली आणि मग गाईडला थेट मराठीत विचारलं, "नळ किती वाजता यायचा?" मी भाषांतर केलं. ती मुलगी हसली आणि मग तिने 1907 ची गोष्ट सांगितली. मालकांनी भाडी वाढवली तेव्हा कोन्व्हेंतिशोतल्या भाडेकरूंनी भाडं द्यायचंच बंद केलं आणि बायकापोरं झाडू घेऊन मोर्च्याला निघाली, मालकांना झाडून टाकायला. आई जाम खूश! त्यापुढची सगळी टूर ती त्या मुलीला चिकटून चालली.

आता तक्रारी. माईक नाही, त्यामुळे रविवारच्या बाजाराच्या गर्दीत मागच्यांना शून्य ऐकू येतं. गोट्यांचे दगडी रस्ते, बसायला मध्ये एकच ब्रेक, तो 1897 च्या लोखंडी छपराच्या मार्केटमध्ये. माफाल्दाच्या (त्यांच्या कॉमिकमधली लाडकी मुलगी) पुतळ्याजवळ फोटोची लाईन इतकी की आम्ही लांबूनच हात केला. आणि ला बोका या टूरमध्ये नाही.

तिकडे आम्ही नंतर परत गेलो, दिवसाउजेडी, 29 नंबरच्या बसने. तुम्हीही बसनेच जा. बसला हात करायचा, ड्रायव्हरला कुठे जायचं ते सांगायचं, मग सूबे कार्ड (बस-मेट्रोचं रिचार्ज कार्ड) टेकवायचं. फक्त उच्चार सांभाळा, यांचा डबल एल म्हणजे 'श', Callao मेट्रो स्टेशनला 'कालाओ' म्हणालात तर कोणाला कळत नाही, ते काशाओ आहे.

ला बोकाच्या पत्र्याच्या घरांना लोक जहाजांचा उरलेला रंग लावायचे, म्हणून एक भिंत हिरवी, दुसरी पिवळी. कामिनीतोची गल्ली मात्र मुद्दाम रंगवून घेतलेली आहे, किंकेला मार्तिन नावाच्या चित्रकाराने. अनाथालयातून एका कोळसेवाल्या जोडप्याने घेतलेला मुलगा, बंदरावर कोळसा वाहिला आणि पुढे बंदरच रंगवत राहिला. गल्ली दोनशे पावलांत संपते, रंगाच्या पलीकडे उगाच भटकू नका, संध्याकाळी तर नाहीच.

रेकोलेताच्या स्मशानाला गाईड लागत नाही. परदेशी लोकांना तिकीट आहे. एव्हिताची (राष्ट्राध्यक्ष पेरोनची बायको) कबर शोधताना 'पेरोन' नाही, 'दुआर्ते' हे तिच्या माहेरचं नाव बघा, काळा दगड, अरुंद बोळ, आणि जाळीत खोचलेली फुलं. मोठं काहीतरी असेल म्हणून आम्ही दोनदा पुढून निघून गेलो.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको असं सांगितलं तरी हॅम येतं, कारण त्यांच्या लेखी हॅम म्हणजे कार्ने नाहीच. हॅमचं नाव घेऊन नको म्हणा, 'सिन खामोन'. एम्पनादात (त्यांची करंजी) उमीता मागा, मक्याचं सारण असतं. बऱ्याच दुकानांत आतलं सारण ओळखायला प्रत्येकाची मुरड वेगळी घालतात. मार्केटमधल्या काउंटरवर आईने आमचा ट्रे जवळ ओढला, चष्मा लावला, एकेक उचलून कडा बघितल्या आणि म्हणाली, "ही मक्याची चांगली जमलीय. त्या कांद्याच्या मुरडीला घाई केलीय पोरीने."