ठाण्याच्या फ्लॅटमध्ये गाणं रेकॉर्ड करायचंय: कंडेन्सर, डायनॅमिक की नुसता यूएसबी माइक?

माइक घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, "कुठला चांगला?" ठाण्यात राहणाऱ्याने त्याआधी एक प्रश्न स्वतःलाच विचारायला हवा: आपली खोली किती शांत असते? पाचपाखाडीच्या आतल्या गल्लीतली, मागच्या अंगाला उघडणारी बेडरूम वेगळी आणि घोडबंदर रोडकडे तोंड करून असलेला हॉल वेगळा. दोन्हींना एकच माइक चालणार नाही. महागडा कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा संवेदनशील माइक) आणून त्यात कबुतरं, पंप आणि शेजारचा कुकर टिपत बसलेले हौशी गायक काही कमी नाहीत.

घरी गाणं, पेटी किंवा तबला रेकॉर्ड करणारा शेवटी तीन पर्यायांत अडकतो. थेट लॅपटॉपला लागणारा यूएसबी माइक, ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) आणि डायनॅमिक माइक (तोंडाशी धरून गायचा, कमी संवेदनशील), किंवा तोच इंटरफेस आणि कंडेन्सर. तुलना याच तिघांची.

आधी खोलीची परीक्षा

एका संध्याकाळसाठी कुणाचा तरी माइक मागून आणा. एक वीत अंतरावरून तुमची सगळ्यांत जोरातली ओळ गा आणि गेन (माइकचा आवाज किती मोठा करायचा ते बटण) असा लावा की मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास टेकेल. आता गेनला हात न लावता, पंखा बंद करून, एक मिनिट काहीही न बोलता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो मिनिटभराचा तुकडा निवडून अॅनालाइझ मेनूतून आरएमएस, म्हणजे आवाजाची सरासरी पातळी, मोजा.

आकडा उणे ६० किंवा त्याखाली आला, तर खोली कंडेन्सरला पात्र आहे. उणे ५० च्या वर राहिला, तर डायनॅमिकच घ्या आणि तोंडाशी धरून गा. मधल्या पट्ट्यात असाल तर पुढचं सगळं वाचून ठरवा. हे दहा डेसिबल किरकोळ वाटतात, पण गाणं मिक्स करताना कॉम्प्रेसर लागतोच. त्याने आवाजाची शिखरं सहा डेसिबलने दाबली आणि तेवढीच पातळी परत वर उचलली, की ओळींच्या मधली घरघरही सहा डेसिबलने वर येते. रेकॉर्डिंगच्या वेळी न जाणवलेला रस्ता मिक्समध्ये उघडा पडतो तो असा.

ही परीक्षा तुम्ही खरोखर ज्या वेळेला गाणार, त्याच वेळेला घ्या. रात्री शांतता असते हा हिशोब घोडबंदरला लागू नाही, अवजड गाड्या तिथे रात्रीच जास्त धावतात. रुळांलगत राहणाऱ्यांना शेवटची लोकल गेल्यावर थोडी उसंत मिळते, पण मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या चालूच असतात. नेरूळ किंवा वाशीत सेक्टरच्या आतल्या सोसायट्यांत दुपारी अडीच ते चार ही वेळ पुष्कळदा रात्रीपेक्षा बरी निघते.

डायनॅमिकला बाहेरचं खरंच कमी ऐकू येतं का?

याबद्दल गैरसमज फार आहे, म्हणून थोडं सविस्तर. दुकानात सांगतात, "कंडेन्सर सगळं पकडतो, डायनॅमिक फक्त तुमचा आवाज घेतो." असं नसतं. दोन्ही कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारे) असतील आणि दोन्ही तोंडापासून तेवढ्याच अंतरावर असतील, तर गाणं आणि गोंगाट यांचं प्रमाण जवळपास सारखंच येतं. कंडेन्सर जास्त संवेदनशील असतो, त्यामुळे गाणंही मोठं येतं आणि गोंगाटही. वरच्या पट्टीतले बारीक आवाज तो जास्त स्पष्ट दाखवतो, हा फरक मात्र खरा.

खरी गंमत अंतरात आहे. माइक आणि तोंड यांच्यातलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. ३० सेंटिमीटरवरून १५ वर आलात तर सहा डेसिबल मिळाले, साडेसातवर आलात तर बारा. डायनॅमिक माइक चार बोटांवरून गाण्यासाठीच बनलेला असतो. आत जाळी आणि फोम असल्यामुळे 'प' आणि 'भ' चे फटकारे तो बऱ्यापैकी सोसतो. कंडेन्सरवर तेवढं जवळ गेलात तर पॉप फिल्टर लावूनही फटके येतात आणि खर्ज फुगतो. त्यामुळे तो १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवावा लागतो आणि तेवढ्या अंतरात खोली आत शिरते.

शुअर एसएम५८ हा १९६६ पासून बाजारात असलेला डायनॅमिक भजनी मंडळापासून नाट्यगृहापर्यंत सगळीकडे दिसतो, त्याचं कारण हेच. गोंगाटाच्या खोलीत एकट्या गळ्यासाठी आजही आमची पहिली पसंती तोच. पण त्याची श्रेणी ५० ते १५,००० हर्ट्झ. शब्दांभोवतीचा श्वास, हळुवार मुरकीतली बारीक हवा त्यात थोडी झाकली जाते. भावगीत गाणाऱ्याला हे खटकतं, भजन किंवा लावणी गाणाऱ्याला सहसा नाही.

गेनचा हिशोब, जो इंटरफेस घेताना राहून जातो

एसएम५८ ची संवेदनशीलता उणे ५४.५ डेसिबल, ऑडिओ-टेक्निका एटी२०२० या कंडेन्सरची उणे ३७. म्हणजे तोच आवाज, तेच अंतर, आणि डायनॅमिकला साडेसतरा डेसिबल जास्त गेन हवा. शुअर एसएम७बी हा डायनॅमिक तर आणखी मंद आहे, त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो.

स्वस्त इंटरफेसची बटणं शेवटच्या पाव भागात पिळली की 'स्स्स' सुरू होतं. दोष माइकवर जातो, वास्तविक कमी पडलेला असतो प्रीअँप, म्हणजे इंटरफेसमधला आवाज मोठा करणारा भाग. फोकसराइट स्कारलेट या इंटरफेसच्या चौथ्या पिढीत सोलोला ५७ डेसिबल गेन आहे आणि २आय२ ला ६९. एटी२०२० किंवा तत्सम कंडेन्सर घेणार असाल तर सोलो पुरेसा आहे. एसएम५८ वर हळू आवाजात गाणार असाल तर २आय२ घ्या. एसएम७बी घेणार असाल तर २आय२ शिवाय विचारच करू नका. 'डायनॅमिक स्वस्त पडतो' हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं आहे, वाचलेले पैसे इंटरफेसमध्ये जातात.

कंडेन्सरला ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या केबलमधूनच जाणारा वीजपुरवठा) लागतो, तो इंटरफेसच देतो. केबल लावताना-काढताना फँटम आधी बंद करा आणि इंटरफेस लॅपटॉपच्या स्वतःच्या पोर्टला जोडा. वीज नसलेल्या हबवर तो अपुरा पडतो आणि मध्येच चरचर येते.

पेटी आणि तबला आला की पारडं फिरतं

इथे डायनॅमिक मागे पडतो, आणि हे आधी कळलेलं बरं. हार्मोनियमचा आवाज एका तोंडातून येत नाही, तो पूर्ण पेटीभर पसरलेल्या सुरांतून येतो. चार बोटांवर डायनॅमिक धरला तर समोरचे चार सूर मोठे आणि टोकाचे पुसट येतात, वर भात्याची धाप आणि पट्ट्यांची टकटक. पेटीला कंडेन्सर हवा, ३० ते ४५ सेंटिमीटरवर, वरून थोडा तिरका, भात्याच्या विरुद्ध बाजूला झुकलेला.

तबल्याला मात्र डायनॅमिक चालतो. दायाँच्या शाईकडे रोखलेला शुअरचाच डायनॅमिक एसएम५७ चाटीचा 'ना' छान घेतो. डग्ग्याचा गुंजारव घ्यायचा तर प्रश्न माइकपेक्षा खोलीचा होतो. ठाण्यातली बेडरूम सर्रास १० बाय १० फुटांची. दहा फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीला आवाज साचतो, आणि चौरस खोलीत दोन्ही दिशांना तोच आकडा येत असल्याने तो दुप्पट साचतो. डग्गा म्हणूनच कधी बदाबदा वाजतो, तर कधी गायब होतो. इक्वलायझरने मारामारी करण्याआधी बैठक एक फूट सरकवून पाहा. खोलीच्या बरोबर मध्ये बसू नका, भिंतीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर बसा.

गाणाऱ्याने स्वतःच पेटी वाजवायची असेल तर दोन्ही एकाच वेळी घेण्याचा मोह टाळा. आधी पेटी, मग हेडफोनवर ती ऐकत गळा. तानपुऱ्याचं अॅप स्पीकरवर लावू नका. ते माइकात मुरलं की नंतर निघत नाही.

यूएसबी माइक कुणी घ्यावा

एकटाच गळा किंवा कथावाचन, एकच माइक, आणि तारांचा गुंता नको, असं असेल तर यूएसबी माइक हलका पर्याय नाही. अट एकच: माइकवरच हेडफोनचं छिद्र हवं. नाहीतर आवाज लॅपटॉपमधून फिरून येतो. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सँपलचा बफर (लॅपटॉप आवाज पुढे सोडण्याआधी साठवतो तो तुकडा) २.७ मिलिसेकंदांचा असतो, १०२४ चा २१ चा, आणि जाऊन-येऊन तो आणखी वाढतो. स्वतःचा आवाज एवढा उशिरा कानात आला की लय सुटते. ब्लूटूथ हेडफोन तर रेकॉर्डिंगला वर्ज्यच.

अडचण पुढे येते. वर्षभराने तबलजी मित्र येतो, दुसरा माइक लावायचा असतो, आणि एका लॅपटॉपवर दोन यूएसबी माइक एकत्र चालवणं म्हणजे रोजची कटकट. त्यामुळे यूएसबीच घ्यायचा तर यूएसबी आणि एक्सएलआर (इंटरफेसला लागणारी तीन पिनांची जोडणी) दोन्ही असलेला घ्या. डायनॅमिकमध्ये सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स. उद्या इंटरफेस घेतलात तरी माइक वाया जात नाही.

गोधडी कुठे टांगायची

अंड्यांचे ट्रे विसरा, त्यांनी फक्त वरचे आवाज किंचित विखुरतात. माइकच्या मागे लावायची अर्धगोल ढाल विकत मिळते, तिचाही उपयोग थोडाच, कारण कार्डिऑइड माइकला मागचं मुळात कमीच ऐकू येतं. त्याला ऐकू येते ती गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. म्हणून जाड गोधडी किंवा उभी गादी तुमच्या पाठीमागे हवी. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याला पाठ करून उभं राहिलात तरी फरक लगेच ऐकू येतो. खिडकी माइकच्या पाठीला यावी, म्हणजे गाणारा खिडकीकडे तोंड करून. आणि गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापा. ट्रकची घरघर बरीचशी तिथेच असते.

एसी चालू ठेवून रेकॉर्डिंग होत नाही. खोली आधी थंड करून घ्या, एसी बंद करा, एक टेक घ्या, परत लावा.

पावसाळा, आणि कॅमेरावाल्यांकडून घेण्यासारखी सवय

जून ते सप्टेंबर कंडेन्सरची खरी कसोटी. कॅप्सूलवर (माइकच्या आतल्या आवाज टिपणाऱ्या भागावर) ओल धरली की विद्युतभार गळतो आणि मध्येच फट्-फट्, चरचर असे आवाज येतात. लोक केबल बदलत बसतात. माइक एक रात्र सिलिका जेलच्या डब्यात ठेवून सकाळी चरचर थांबली, तर दोष ओलाव्याचाच होता.

ज्यांच्या घरी कॅमेरा आहे त्यांच्याकडे लेन्सला बुरशी लागू नये म्हणून असा डबा असतोच. त्यातच माइक ठेवा, आत ४० ते ५० टक्के आर्द्रता दाखवणारा छोटा मापक टाका. दाणे नारिंगी घ्या, निळ्यांत कोबाल्ट असतं. डायनॅमिकला हे लाड लागत नाहीत. समुद्राच्या किंवा खाडीच्या बाजूला घर असेल आणि देखभालीची हौस नसेल, तर फक्त एवढ्यावरूनही डायनॅमिक निवडायला हरकत नाही.

फोटो एडिटिंगसाठी घेतलेला लॅपटॉप रेकॉर्डिंगला उत्तम चालतो. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर नवा घेऊ नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा खातो, रॉ फोटोंपुढे ते काहीच नाही. मात्र लाइटरूममध्ये एक्स्पोर्ट लावून गायला बसू नका. पंखा घोंघावतो, तो कंडेन्सरमध्ये स्पष्ट येतो, आणि आवाज तुटायला लागतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोहोचवणारं सॉफ्टवेअर) टाका.

गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर एक टेक घ्या. थांबली तर चूक चार्जरची किंवा अर्थिंगची आहे. अर्थिंगची पिन कापून गुणगुण घालवायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका, त्यात जीवाचा धोका आहे.

हातात आल्यावर

केबल आणि एक्सएलआर कनेक्टर लॅमिंग्टन रोडला जाऊन आणणं परवडतं: दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं, तीन मीटरची केबल घ्यायची आणि पिना स्क्रूने उघडून सोल्डर पाहायचं. माइक मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच. एसएम५८ च्या नकला इतक्या सर्रास आहेत की पार्सल आल्याबरोबर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. खऱ्याचं वजन २९८ ग्रॅम. पन्नास-साठ ग्रॅम कमी भरला तर गाऊन पाहायची गरजच नाही. वजन बरोबर निघालं तर मिनिटभराच्या शांततेची तीच परीक्षा परत घ्या, या वेळी केबल दोन्ही टोकांना हलवत. परत करायची मुदत संपायच्या आत.