हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन: नऊ महिन्यांनंतर

उन्हात गेलं की गालांवर आणि कानांच्या पाळ्यांवर लाल, खवलेदार चट्टे उठायचे. चार वर्षं मी ते अ‍ॅलर्जी म्हणून सोसले. शेवटी बायोप्सीत त्वचेचा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते तो आजार) निघाला आणि ही गोळी सुरू झाली. मूळची मलेरियावरची, ल्युपससाठी १९५०च्या दशकापासून वापरात आहे.

पहिले दोन महिने काहीच फरक पडला नाही. सहाव्या आठवड्यात नवा चट्टा उठला तेव्हा गोळी बंद करायच्या बेतात होते. डॉक्टर म्हणाले, हे औषध शरीरात हळूहळू साठतं, गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. बरं झालं ऐकलं. तिसरा महिना संपता संपता लक्षात आलं, बऱ्याच दिवसांत नवा चट्टा नाही. जुने फिके पडायला पाच महिने गेले. कानावरचा व्रण मात्र तसाच आहे. झालेला व्रण गोळीने जात नाही, म्हणून त्या चार वर्षांची फार हळहळ वाटते.

मात्रा वजनावर ठरते, किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत. माझं वजन ६० किलो, म्हणून एक दिवस २०० मिलिग्रॅमची एक गोळी, दुसऱ्या दिवशी दोन. घोळ होऊ नये म्हणून कॅलेंडरवर खूण करते. सुरुवातीला मळमळायचं; जेवणाबरोबर घ्यायला लागल्यावर थांबलं. अँटासिड घेत असाल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा.

खरी धास्ती डोळ्यांची होती, कारण दृष्टिपटलाला झालेली इजा भरून येत नाही. योग्य मात्रेत पहिल्या पाच वर्षांत हा धोका एक टक्क्याहून कमी असतो, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. पहिली तपासणी झाली आहे. पाच वर्षांनंतर दरवर्षी करायची. मूत्रपिंड अधू असेल किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचं औषध) चालू असेल तर ती आधीपासूनच लागते, म्हणून असं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. धूम्रपान करत असाल तर तेही सांगा, त्याने गुण कमी येतो.

सातव्या महिन्यात मी ढिलाई केली. गाडीत काच बंद, म्हणून सनस्क्रीन न लावता दोन तास खिडकीशी बसले. चौथ्या दिवशी त्याच बाजूचा गाल पेटला. उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार: काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बरंचसं आत येतं. आता गाडीतही सनस्क्रीन, दर दोन तासांनी. तो चट्टा अजून पुरता गेलेला नाही.