एकच अँटीबॉडी परवडत असेल तर: सीजीआरपी की व्हीआयपी?

ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठातल्या एखाद्या एमएस्सीवाल्याने डेझर्टेशनसाठी उंदराच्या जठरातले पेप्टाइडवाले (म्हणजे छोट्या प्रथिन-साखळ्यांतून संदेश देणारे) चेतातंतू निवडले आणि पैसे एकाच प्रायमरी अँटीबॉडीपुरते (ठरावीक पेप्टाइडला चिकटून ते रंगवून दाखवायला वापरतात ते प्रथिन) निघाले, तर शेवटी दोन पेप्टाइडांची नावं उरतात: सीजीआरपी (कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड) आणि व्हीआयपी (व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टिनल पेप्टाइड). सबस्टन्स पी हे आणखी एक पेप्टाइड मी आधीच बाजूला काढते. ते जठराच्या स्वतःच्या न्यूरॉन्समध्येही असतं आणि बाहेरून येणाऱ्या संवेदी तंतूंतही, त्यामुळे रंगलेला तंतू कुणाचा हे एकट्या त्या अँटीबॉडीवरून ठरत नाही. एनपीवायचंही (न्यूरोपेप्टाइड वाय) थोडंफार तेच.

सीजीआरपीचं तसं नाही. रॅटच्या (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराच्या) जठरात ते जवळपास सगळं बाहेरून, पाठीच्या कण्यालगतच्या डॉर्सल रूट गँग्लियांतून (संवेदी न्यूरॉन्सच्या गाठींतून) येतं. सबम्युकोसातल्या (श्लेष्मल आवरणाखालच्या थरातल्या) बारीक धमन्यांना या तंतूंनी अक्षरशः वेटाळलेलं असतं. मायएंटेरिक गँग्लियातही (स्नायूंच्या थरांमधल्या चेतागाठींतही) ते भरपूर दिसतात, पण तिथे पेशीकाया रंगलेली सापडत नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनने (आपल्या काणकोणच्या खोला मिरचीतही तेच) हे तंतू उत्तेजित होतात, सीजीआरपी सुटतं आणि श्लेष्मल आवरणाचा रक्तपुरवठा वाढतो. त्यामुळे प्रश्न रक्तप्रवाहाचा, आम्लापासून संरक्षणाचा किंवा वेदनेचा असेल तर इथे दुसरा विचारच नको.

व्हीआयपी हे 28 अमिनो आम्लांचं पेप्टाइड 1970 मध्ये सईद आणि मुट यांनी वेगळं केलं. जठरात ते मुख्यतः घरचंच, म्हणजे मायएंटेरिक न्यूरॉन्समधलं. तंतू वर्तुळाकार स्नायूत स्नायुपेशींना समांतर धावतात, पायलोरसला (जठराच्या आतड्याकडच्या तोंडाला) दाट असतात, ग्रंथींच्या मधूनही वर चढतात. बऱ्याच न्यूरॉन्समध्ये सोबत नायट्रिक ऑक्साइड सिंथेजही (स्नायू सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम) असतं. जठर सैल कसं पडतं, रिकामं कसं होतं, हा विषय असेल तर हेच घ्या. मात्र पेशीकाया फिक्या रंगतात. त्या नीट दिसाव्यात म्हणून कोल्चिसिन (पेप्टाइड तंतूंत न जाता पेशीकायेतच साठू देणारं औषध) वापरतात, आणि जिवंत प्राण्याला ते द्यायचं असेल तर एथिक्स कमिटीच्या अर्जात वेगळं समर्थन लिहावं लागतं. सहा महिन्यांच्या डेझर्टेशनला हे ओझं मी घेणार नाही.

तंत्रही प्रश्नाप्रमाणे बदलतं. सीजीआरपीची खरी शोभा व्होल माउंटमध्ये, म्हणजे काप न घेता अख्खा थर पाहण्यात: सबम्युकोसा सोलून, पेट्री डिशमधल्या सिलिकॉनवर टाचण्यांनी ताणून फिक्स करायचा, मग धमनीभोवतीचं जाळं सलग दिसतं. व्हीआयपीला आडवे क्रायोसेक्शन (गोठवलेल्या ऊतीचे पातळ काप) बरे, कारण कोणत्या थरात किती हे एकाच स्लाइडवर कळतं. सेक्शन करणार असाल तर गोव्याचा पावसाळा ध्यानात ठेवा. उणे वीसमधला स्लाइडचा डबा काढल्या काढल्या उघडला की काचेवर दव धरतं आणि ऊती उचलून येतात. सिलिका जेल घालून डबा बंदच ठेवा, खोलीच्या तापमानाला आला की मगच झाकण काढा.

दोन्हींत कुठलंही घेतलं तरी तुकडा कुठला हे लिहा. उंदराच्या जठराचा पुढचा भाग ग्रंथीविरहित, केराटिनच्या अस्तराचा असतो. तिथला तुकडा कॉर्पसमध्ये (जठराच्या ग्रंथीवाल्या मुख्य भागात) मिसळला तर ‘ग्रंथींमधले तंतू’ मोजण्याला अर्थ राहत नाही.

माझं मत रॅट आणि सीजीआरपीकडे. उरलेल्या पैशांत त्याच पेप्टाइडची छोटी कुपी घ्या. अँटीबॉडी त्यात आधी भिजवून लावल्यावर रंग गेला नाही, तर तो डाग सीजीआरपीचा समजू नका.