आढ्यावरची सुटलेली कौलं: सिमेंट की चुना?

कोकणातल्या मंगळुरी कौलारू घरात आढ्यावरची कौलं सुटली की पहिल्या वळवातच माळ्यावर थेंब पडू लागतात. ती स्वतः बसवायची तर माल कोणता?

सिमेंट दुकानात सहज मिळतं. एकास चार वाळू घातली की दुसऱ्या दिवशी माल घट्ट. पाऊस तोंडावर आला असेल तर तेच घ्यावं. पण खालचे वासे लाकडाचे. ते पावसात फुगतात, उन्हात आकसतात. कडक सिमेंटला ही हालचाल सोसत नाही, बारीक भेग पडते आणि पाणी तिथूनच आत शिरतं. शिवाय कौल पुन्हा काढायला गेलं की फुटतं, आणि जुन्या मापाचं कौल आता सहज मिळेलच असं नाही.

चुना एकास तीन वाळू. सावकाश आवळतो, म्हणून काम एप्रिलपूर्वी उरकावं आणि काही दिवस ओलं गोणपाट टाकावं. तो थोडी हालचाल सोसतो, कौलही शाबूत निघतं. जुन्या घराला मी चुनाच सुचवेन.

दोन्हीत कौलं आधी भिजवा. पाय मात्र कौलावर नको, वाशांवर टेकवलेल्या शिडीवर. खाली माणूस हवाच.